पहिला पगार आणि आजोबांची रेकॉर्ड

पत्र थोडक्यात: पत्रलेखिकेचं वय २३. घर चिपळूणजवळच्या गावात, नोकरी पुण्यात. पहिला पगार हातात २१,००० रुपये आला. खोलीभाडं, मेस आणि घरी पाठवायची रक्कम वजा जाता ५,००० रुपये तिने स्वतःसाठी बाजूला ठेवलेत. त्यातून तिला आयुष्यातला पहिला अल्बम विकत घ्यायचा आहे: किशोरी आमोणकरांची, एका बाजूला भूप आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री हे राग असलेली एलपी, म्हणजे जुन्या पद्धतीची मोठी रेकॉर्ड. आजोबांकडे ती होती. कुणीतरी ऐकायला म्हणून नेली, ती परत आलीच नाही. आजोबा आता ८१ वर्षांचे आहेत, थोडं कमी ऐकू येतं. त्यांचा एचएमव्हीचा फिएस्टा प्लेअर माळ्यावर आहे, वीसेक वर्षं बंद. इंटरनेटवरचा एक विक्रेता ही रेकॉर्ड ‘व्हीजी प्लस, रेअर’ (चांगल्या स्थितीतली, दुर्मीळ) म्हणून १,८०० रुपयांना देतोय. वडील म्हणतात, मोबाइलवर फुकट आहे. आई म्हणते, पहिला पगार देवापुढे ठेवायचा असतो, जुन्या बाजारातल्या वस्तूवर उडवायचा नसतो. मैत्रीण म्हणते, साडेचार हजारांत सुटकेससारखा नवा प्लेअर मिळतो, तो घे. सात आठवड्यांनी गणपतीला ती घरी जाणार आहे. “मी चूक तर करत नाही ना?” असं तिने विचारलं आहे.

नमस्कार.

चूक अजिबात नाही. पण तुमच्या पत्रात दोन वेगवेगळ्या इच्छा एकाच पिशवीत भरल्या गेल्यात, त्या आधी वेगळ्या करू. आजोबांना त्यांची हरवलेली रेकॉर्ड मिळवून देणं ही एक. स्वतःच्या कमाईतून स्वतःसाठी संगीत विकत घेणं ही दुसरी. पत्रभर तुम्ही ‘माझा पहिला अल्बम’ म्हणता, पण तो वाजणार आजोबांच्या प्लेअरवर, आजोबांच्या खोलीत. गणपती विसर्जन झालं की तुम्ही पुण्याला आणि रेकॉर्ड गावाला. म्हणजे ही भेट आहे, आणि फार सुंदर भेट आहे. तिलाच तुमचा अल्बम मानून सगळे पैसे त्यात घातलेत, तर दोन महिन्यांनी पुण्याच्या खोलीत तुमच्याकडे ऐकायला काही नसेल. म्हणून पाच हजारांतले चारेक हजार आजोबांच्या नावाने आणि उरलेले तुमच्या नावाने, असं धरून पुढचं लिहीत आहे.

आणखी एक गोष्ट तुम्ही गृहीत धरलीत, की आजोबांना तीच वस्तू हवी आहे. असेलही. पण कदाचित त्यांना त्या बाजूचा भूप नको, बागेश्रीच हवी असेल, किंवा त्यांचा जीव दुसऱ्याच कुठल्या रेकॉर्डमध्ये अडकला असेल. हे अचानक देण्यापेक्षा आधी विचारा. ८१ वर्षांच्या माणसाला वाट पाहण्याचाही आनंद असतो. शिवाय त्यांच्याकडून तुम्हाला एक फार उपयोगाची माहिती मिळेल: प्लेअर बंद पडला तेव्हा नेमकं काय झालं होतं? ताट फिरायचं थांबलं, फिरत होतं पण आवाज गेला, की आवाज फाटत होता?

कारण क्रम असा हवा: आधी प्लेअर, मग रेकॉर्ड. तुम्ही उलटा धरलाय.

वीस वर्षं माळ्यावर, त्यातून कोकणातल्या माळ्यावर पडलेल्या प्लेअरमध्ये तीन गोष्टी गेलेल्या असतात. पहिली म्हणजे रबर. मोटरची गती ताटापर्यंत पोहोचवणारं रबरी चाक किंवा पट्टा कडक होतो, चपटतो, मग ताट अडखळत फिरतं आणि स्वर थरथरतो. दुसरी म्हणजे जुने कपॅसिटर, आतले वीज साठवणारे भाग. ते खराब झालेले असतील तर वीज देताच प्लेअर जळू शकतो. म्हणून माळ्यावरून काढून थेट प्लगमध्ये घालून बघू नका, वडिलांनाही तसं सांगा. मेकॅनिकने आतून तपासल्यावरच वीज द्यायची. तिसरी गोष्ट सुई आणि ती जिच्यात बसते ती कार्ट्रिज. त्या काळच्या साध्या प्लेअरमध्ये बऱ्याचदा क्रिस्टल कार्ट्रिज असे. तिच्यातला स्फटिक रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचा असतो आणि तो हवेतली ओल शोषून निकामी होतो. कोकणातले वीस पावसाळे त्याला पुरेसे आहेत. ताट फिरतंय पण आवाज क्षीण किंवा नाहीच, अशी आजोबांची तक्रार असेल तर बहुधा हेच झालंय. सिरॅमिक कार्ट्रिज ओलीला बरीच दाद देत नाही, म्हणून बदलताना ‘स्टिरिओ सिरॅमिक’ असं स्पष्ट सांगून बसवून घ्या.

‘स्टिरिओ’ या शब्दावर मुद्दाम जोर देत आहे. मोनो रेकॉर्डच्या खाचेत सुई फक्त आडवी हलते. स्टिरिओच्या खाचेत ती वर-खालीही हलते. जुनी मोनो कार्ट्रिज वर-खाली लवत नाही, त्यामुळे ती स्टिरिओ रेकॉर्डची खाच खरवडते आणि झालेलं नुकसान परत भरून येत नाही. उलट बाजूने अडचण नाही, स्टिरिओ कार्ट्रिजवर मोनो एलपी बिनधास्त वाजते. तुमच्या विक्रेत्याकडून लेबलचा फोटो मागवा. एचएमव्हीच्या त्या काळातल्या क्रमांकाआधी ईसीएलपी असेल तर रेकॉर्ड मोनो, ईसीएसडी किंवा ईएएसडी असेल तर स्टिरिओ.

सुईजवळ एक छोटी खुंटी असेल, ती फिरवली की सुईची दुसरी बाजू खाली येते. एक बाजू ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डसाठी, दुसरी एलपीसाठी. ७८ची सुई कितीतरी जाड असते. एलपीच्या खाचेत ती तळापर्यंत जातच नाही, वरच्या कडा घासत राहते. आजोबांनी शेवटी काय वाजवलं होतं कुणास ठाऊक. रेकॉर्ड लावण्यापूर्वी ही खुंटी नक्की बघा.

दुरुस्तीला किती लागतील? रबर, कार्ट्रिज, साफसफाई आणि मजुरी धरून दीड ते अडीच हजार गृहीत धरा, आणि काम सुरू होण्याआधी आकडा पक्का करून घ्या. प्लेअर चिपळूणला असल्याने वडिलांना गळ घाला. जुने रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा माणूस जवळ असेल तर त्याला हे काम येतं. नसेल तर कुणीतरी पुण्याला येताना प्लेअर घेऊन येऊ द्या. आणताना सुईचा हात दोऱ्याने किंवा कागदी चिकटपट्टीने तो टेकतो त्या आधाराला बांधायला सांगा, नाहीतर एसटीच्या पाच-सहा तासांत सुई गेलीच म्हणून समजा.

दुरुस्त होऊन आल्यावर दोन चाचण्या घरीच करा. ताटाच्या कडेला कागदाचा बारीक तुकडा चिकटवा, गती ३३ वर ठेवा आणि मोबाइलवर तीन मिनिटं लावून फेरे मोजा. ३३⅓ फेऱ्यांच्या हिशेबाने बरोबर १०० व्हायला हवेत. १०१ झाले तर कुणाला कळणार नाही. १०६ झाले, तर गाणं अख्खा अर्धा स्वर वर चढलेलं असेल, पेटीवरच्या काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये. आयुष्यभर गाणं ऐकलेल्या आजोबांना ते लगेच कळेल आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून ते बोलणार नाहीत. दुसरी चाचणी सुईच्या वजनाची. सोनारकामासाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा चारेकशे रुपयांत मिळतो. रेकॉर्ड ज्या उंचीवर असते त्याच उंचीवर काटा ठेवून त्यावर सुई टेका. सिरॅमिकसाठी ५ ते ६ ग्रॅम ठीक. ९-१० दिसले तर मेकॅनिककडे परत. पाचाहून फार हलकं केलं तरीही बिघडतं, सुई खाचेत उड्या मारते आणि तेही रेकॉर्डला घातकच.

आता मैत्रिणीच्या सुटकेस प्लेअरबद्दल. तो घेऊ नका. १,८०० आणि ४,५०० मिळून तुमची मर्यादा ओलांडतेच, पण खरं कारण वेगळं आहे. त्यात सुईचं वजन कमी-जास्त करायची सोय बहुतेक वेळा नसते, आणि स्पीकर त्याच खोक्यात असल्याने तबल्याच्या डग्ग्यावर घुमारा आला की सुई हादरते. खरं सांगायचं तर फिएस्टाही काही फार वेगळ्या जातीचा नाही. तो आजोबांचा आहे, हाच त्याचा वेगळेपणा, आणि तुमच्या कामासाठी तो पुरेसा आहे. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा त्यावर रेकॉर्ड लावणं ठीक. रोज वाजवायला तो नव्हे.

(ज्या वाचकांच्या घरी कुठलाच प्लेअर नाही आणि एलपीच घ्यायची आहे, त्यांच्यासाठी: सुईचं वजन २ ते ३ ग्रॅम ठेवणारी मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज असलेला टर्नटेबल आणि वेगळे स्पीकर एवढं लागतंच. नवं घेतलं तर साधारण पंधरा-वीस हजार धरा. अशा कार्ट्रिजमधून जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्टचा संकेत निघतो, म्हणून मध्ये तो वाढवणारा फोनो प्रीअॅम्प हवा. बऱ्याच टर्नटेबलमध्ये तो आतच असतो आणि मागे ‘फोनो/लाइन’ असं बटण असतं. ते ‘फोनो’वर राहिलं आणि वायर थेट स्पीकरला जोडली, की आवाज बारीक आणि किरटा येतो. मग लोक रेकॉर्डला नावं ठेवतात. पैसे साठेपर्यंत एलपी घेऊन भिंतीवर टांगू नका, तोवर सीडी घ्या.)

रेकॉर्डकडे वळू. ‘रेअर’ हा शब्द विक्रेते सढळ हाताने वापरतात, त्याला किंमत देऊ नका. किमान तीन ठिकाणचे भाव बघा. पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार तुमच्या हाताशी आहे. मुंबईला जाणं झालं तर चोरबाजारातली मटन स्ट्रीट, फक्त शुक्रवारी जाऊ नका, त्या दिवशी तिथली नेहमीची दुकानं बंद असतात. हवी तीच रेकॉर्ड तिथे मिळेल याची खात्री नाही, पण हातात घेऊन बघायची सवय लागते, आणि ती सवय फोटो बघतानाही उपयोगी पडते.

बघायचं काय? रेकॉर्ड कडेने धरून डोळ्यांच्या पातळीत आणा आणि हळूहळू फिरवा. कड वर-खाली झाली तर ती उन्हाने वाकलेली आहे. मग उजेड तिरपा पडेल अशी धरा. काळा, ओला दिसणारा चकाकता रंग हवा. राखाडी झाक दिसली तर खाचा झिजल्यात, आणि झिजलेली खाच कितीही धुतली तरी सुधारत नाही. मधल्या भोकाभोवती लेबलवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा असतील तर ती खूपदा वाजलेली आहे. चरे असतील तर त्यावरून नख फिरवा. नखाला न लागणारा चरा बहुधा ऐकू येत नाही, नखाला लागणारा येतोच.

किती येतो, तेही सांगते, कारण विक्रेता ‘एकच छोटा चरा आहे’ म्हणेल. ३३⅓च्या गतीने एक फेरा १.८ सेकंदांत होतो. २२ मिनिटांच्या बाजूवर सुमारे ७३० फेऱ्यांची खाच साडेआठ सेंटिमीटर रुंदीत बसवलेली असते, म्हणजे सेंटिमीटरला ८५च्या आसपास. बाहेरून मध्याकडे जाणारा एक सेंटिमीटरचा खोल चरा दर १.८ सेकंदाला एक ‘टक्’ देतो, आणि असं तब्बल अडीच मिनिटं चालतं. तो विलंबितात पडला तर प्रत्येक मात्रेच्या मध्ये एक परका ठेका. तेवढाच चरा खाचेच्या दिशेने, गोलाकार असेल तर एखाद-दुसऱ्या फेऱ्यापुरता आवाज येईल, फार तर सुई एका जागी अडकेल. म्हणून चरा किती मोठा हे विचारण्याआधी तो कोणत्या दिशेने आहे, हे विचारा.

‘व्हीजी प्लस’ म्हणजे वरवर हलक्या खुणा, पण वाजताना जवळपास स्वच्छ. ही प्रतवारी मात्र प्रत्येक विक्रेता आपापल्या डोळ्यांनी ठरवतो. त्यामुळे पैसे भरण्याआधी तीन गोष्टी मागा: दोन्ही बाजूंचे तिरप्या उजेडातले फोटो, कडेने घेतलेला एक फोटो, आणि दोन्ही बाजूंच्या शेवटच्या दोन मिनिटांचा वाजतानाचा व्हिडिओ. सुरुवातीचा नको, शेवटचाच. मध्याकडे खाचेचा घेर लहान होतो, तेवढ्याच वेळात कमी लांबीत तेवढंच संगीत कोंबलेलं असतं, त्यामुळे झीज पहिल्यांदा तिथे ऐकू येते. द्रुतमधल्या वरच्या सुरांवर आवाज फाटत असेल तर रेकॉर्ड सोडून द्या. खराब निघाल्यास परत घेणार का, हे मेसेजवर लिहून घ्या. पॅकिंगही सांगून करवा: रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून वेगळ्या पातळ पिशवीत, दोन्ही बाजूंना पुठ्ठे, आणि मग खोकं. कव्हरच्या आत ठेवून पाठवली तर वाटेतल्या धक्क्यांनी रेकॉर्डच कव्हरची शिवण फाडते. खोकं उघडताना व्हिडिओ काढा.

हे सगळं पुरवत असेल तर १,८०० द्यायला हरकत नाही. टाळाटाळ करत असेल तर पाचशेलाही नको.

आल्यावर लगेच वाजवू नका, धुवा. पन्नास वर्षांची धूळ आणि बुरशी सुईखाली आली तर ती सॅंडपेपरसारखं काम करते. अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत सुकून बसतात. मऊ मायक्रोफायबर कापडाने खाचेच्या दिशेने, गोल गोल पुसा, लेबल कोरडं ठेवा. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दुसरा हात. साबण राहिला तर सुईवर गोळा होतो. वाळवायला आपलं ताटाळं उत्तम: उभी ठेवा, सावलीत, अर्धा तास. उन्हात किंवा ड्रायरने नाही, विनाइल, म्हणजे एलपीचं प्लॅस्टिक, उष्णतेने मऊ पडून वाकतं. आजोबांकडे लाखेच्या ७८च्या रेकॉर्ड असतील आणि त्याही धुवाव्याशा वाटल्या, तर अल्कोहोल असलेलं कुठलंही क्लीनर त्यांना लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

वडिलांचं म्हणणं खोडून काढायच्या फंदात पडू नका, कारण ते खोटं नाही. फोनवर हे गाणं मिळतं, आणि आजोबांना कमी ऐकू येत असल्याने चांगल्या हेडफोनवर ते त्यांना फिएस्टापेक्षा स्पष्टही ऐकू येईल. तेही एकदा करून बघा. तुम्ही जे विकत घेताय ते म्हणजे आजोबांनी स्वतः कव्हरमधून रेकॉर्ड काढणं, सुई टेकवणं, आणि वीस-बावीस मिनिटांनी उठून बाजू पालटणं. ते फोनवर मिळत नाही. मात्र ‘कलाकाराला पैसे द्यायला हवेत म्हणून मी विकत घेतेय’ असं तुम्ही पत्रात लिहिलंय, ते जुन्या रेकॉर्डला लागू नाही. सेकंडहँड प्रतीचे पैसे विक्रेत्याला जातात. किशोरीताईंना जाऊनही आता बरीच वर्षं झाली, २०१७च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या.

आणि म्हणूनच तुमचा स्वतःचा अल्बम वेगळा घ्या, आज गात-वाजवत असलेल्या कुणाचा तरी. पाचशे-सातशे रुपये त्यासाठी राखा. पुण्यात मैफलींना जात असाल तर बाहेरच्या टेबलावर सीडी असते, कधी कलाकार स्वतः तिथे उभा असतो. सीडी घेतलीत तर लॅपटॉपला जोडायचा यूएसबी सीडी ड्राइव्ह कुणाकडून तरी एका संध्याकाळपुरता मागून घ्या आणि फ्लॅक स्वरूपात उतरवून ठेवा. तासाभराच्या संगीताला सुमारे ३०० एमबी लागतात, फोनमध्ये सहज मावतं. एमपी३ करू नका, त्यात काही भाग कायमचा गाळला जातो. डिजिटल घ्यायचं तर बँडकॅम्पसारख्या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर फाइल उतरवून घेता येते आणि रकमेचा मोठा हिस्सा कलाकाराकडे जातो. पैसे भरताना कार्ड नाकारलं गेलं तर घाबरू नका, बँकेच्या अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार बंद असतात, ते तेवढ्यापुरते चालू करून नंतर पुन्हा बंद करायचे. उतरवलेल्या फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. मासिक वर्गणीवर ऐकलेलं गाणं कंपनीचा करार संपला की यादीतून जाऊ शकतं, विकत घेऊन उतरवलेलं जात नाही. कोणाचा अल्बम, हे मी सुचवणार नाही. गेल्या वर्षभरात जे गाणं तुम्ही न कंटाळता दहा वेळा ऐकलंत, तिथून सुरुवात करा. पहिला अल्बम थोर असायलाच हवा, असं काही नाही.

आईशी वादच नाही. पहिला पगार देवापुढे ठेवायचा तर ठेवा, अगदी मनापासून. त्यातली थोडी रक्कम काढून आईच्या हातात द्या, आणि गणपतीत रेकॉर्डही कव्हरसकट त्याच पाटावर ठेवा. ज्या घरात आजोबांनी इतकी वर्षं गाणं ऐकलं, तिथे आईला हे परकं वाटणार नाही.

वेळ सात आठवडे आहे, म्हणून याच रविवारी आजोबांना फोन करा. पुढच्या आठवड्यात प्लेअर मेकॅनिककडे गेला पाहिजे. तो ‘होईल’ म्हणाल्याशिवाय रेकॉर्डचे पैसे भरू नका. चौथ्या आठवड्यापर्यंत रेकॉर्ड हातात आली तर खराब निघाल्यास बदलून घ्यायला वेळ राहतो. गावी नेताना ती उभीच न्यायची, बॅगेत दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, पाठीला लागून, वर प्लॅस्टिकची पिशवी. बॅग एसटीच्या मागच्या डिकीत टाकू नका, मांडीवर घ्या. पावसाचे दिवस आहेत आणि कव्हर कागदाचं आहे.